फिरता खांब

कोणे एके काळची ही गोष्ट. किती जुनी म्हणाल, तर एका गावाहून दुसऱ्या गावी निरोप पोचायला महिना लागे आणि त्याची कुणाला फारशी घाईही नसे, त्या काळची. उस्मानी सुलतानांच्या राज्यात नदीकाठी एक नगर होते आणि त्या नगरात एक मशीद होती.

मशीद कसली, दगडाचा डोंगरच तो. मधोमध भलामोठा घुमट. त्याच्या आधाराला चार बाजूंनी चार अर्धे घुमट, आणि त्यांच्याही खाली आणखी लहान लहान घुमट. कोपऱ्यांवर चार मिनार, इतके सडपातळ की वारा सुटला म्हणजे नवख्या माणसाच्या पोटात गोळाच यावा. आत उंच छतापासून साखळीने टांगलेले दिव्यांचे झुंबर होते आणि दिव्यांच्या मध्ये शहामृगाची अंडी अडकवलेली होती. अंडी कशाला? तर त्यांच्या वासाने कोळी जाळे विणत नाही म्हणे. खरेखोटे त्या कोळ्यालाच ठाऊक.

ही मशीद बांधायची ठरली तेव्हा नगरातल्या शहाण्यांनी नाके मुरडली होती. जागा अगदी काठावरची आणि जमीन निव्वळ चिखलाची. पण सुलतानाच्या आईची इच्छा होती, की नदीतून येणाऱ्या नावाड्याला सगळ्यांत आधी मशीदच दिसावी. सुलतानाच्या आईला नाही म्हणणारा माणूस तेव्हा जन्माला यायचा होता. मग उस्तादाने, म्हणजे मुख्य कारागिराने, चिखलात ओक लाकडाचे हजारो खुंट ठोकून घेतले आणि त्या खुंटांवर पाया घातला.

"लाकडावर दगड?" लोक म्हणाले. "कुजेल की ते!"

"पाण्यात बुडालेलं लाकूड कुजत नाही," उस्ताद म्हणाला. "ओलं आहे तोवर ते लोखंड. सुकलं, की भुसा."

नमाजाची दिशा दाखवणारा जो कोनाडा भिंतीत असतो, त्याला मेहराब म्हणतात. या मेहराबच्या दोन्ही अंगांना उस्तादाने हिरव्या दगडाचे दोन बारीक खांब बसवले. उंची माणसाच्या छातीइतकी. वर आणि खाली दगडाच्या खोबणीत केसभर फट ठेवलेली. एका बोटाने ढकलले, की खांब जात्यासारखा घरघरत फिरे.

उस्तादाने मशिदीच्या पहिल्या किल्लीवाल्याला जवळ बोलावून सांगितले, "मशिदीला बोलता येत नाही. तिचं काही दुखलं, तर हे दोघं सांगतील. दर शुक्रवारी सकाळी यांना फिरवून बघ. फिरले, तर भिंत जागच्या जागी आहे. एक जरी अडकला, तर समज, पाया खचतोय आणि वरचा भार त्याच्या डोक्यावर येतोय. मग दार लाव आणि कारागिरांना निरोप धाड. त्यात एका शुक्रवारचाही उशीर नको."

पहिल्या किल्लीवाल्याने हे दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला. दीडशे वर्षे दोन्ही खांब फिरत राहिले. सातवा किल्लीवाला होता इद्रीस, आणि आपली गोष्ट त्याचीच.

आता खरे सांगायचे, तर त्याचे नाव इद्रीस आहे हे नगरात कुणाला आठवत नव्हते. सगळे त्याला किल्लीवालाच म्हणत. नाव घेऊन हाक मारणारी एकटी मरियम, त्याची बायको, आणि तिला जाऊन सहा वर्षे झाली होती. मूलबाळ नव्हते. मेहराबच्या भिंतीमागे मशिदीचे छोटेसे कब्रस्तान होते. तिथे तुतीच्या झाडाखाली मरियम निजली होती. तिच्या उशाशी एक पांढरा दगड होता आणि त्यावर ट्यूलिपचे एकच फूल कोरलेले होते. इद्रीसची खोली अंगणाच्या भिंतीला लागून. खिडकी उघडली की समोर तुती. रोज सकाळी तो खिडकी उघडून म्हणे, "उठलो बरं का." मग अंगणातल्या विहिरीतून पाणी शेंदून तिच्या दगडाभोवती घाली.

मरियम गेली त्याच वर्षी नदीही गेली. वर डोंगराच्या पायथ्याशी एका वजिराने आपल्या बागांसाठी कालवा काढला. नदी आटली आणि सरकत सरकत तीनशे पावले लांब, पलीकडच्या काठाला जाऊन लागली. तिच्यामागे नावा गेल्या. नावांमागे बाजार गेला. एके काळी जिथे नमाजाला पाय ठेवायला जागा मिळत नसे, तिथे आता दहा-बारा म्हातारे येत. एवढ्या मोठ्या घुमटाखाली ते परातीतल्या बारा शितांसारखे दिसत. नमाज झाला की तेही जात, आणि मग उरे इद्रीस आणि त्याच्या किल्ल्यांचा आवाज.

इद्रीसला एकटेपणाची सवय झाली होती असे लोक म्हणत. सवयबिवय काही नसते. तो जेवताना दोन वाडगे मांडायचा आणि एक तसाच उचलून ठेवायचा.

आठवड्यात एकच माणूस त्याच्याशी बोले. शुक्रवारी सकाळी गुलनार नावाची रोटीवाली पलीकडच्या काठावरून टोपली घेऊन येई. दारातूनच ती विचारी, "काय किल्लीवाले चाचा, फिरला का खांब?"

"फिरला, बेटी."

"मग बरं!" असे म्हणून ती एक गरम रोटी त्याच्या हातावर ठेवी आणि घाईने निघून जाई. तिला काही खांबाची चिंता नव्हती. तिची आई विचारायची, म्हणून तीही विचारी. पण इद्रीस मात्र त्या दोन वाक्यांसाठी सात दिवस वाट बघे.

आणि एका शुक्रवारी डावा खांब फिरला नाही.

इद्रीसने बोट लावले. मग तळवा लावला. मग दोन्ही हातांनी कवळ घालून पिळून पाहिले. उजवा खांब घरघरत फिरला, डावा मात्र जागचा हलेना.

काय करायचे हे त्याला तोंडपाठ होते. दार लाव आणि निरोप धाड. पण पुढे काय होईल तेही त्याला दिसत होते. शेजारच्या नगरातली मशीद अशीच दुरुस्तीला काढली, ती अकरा वर्षे बंद राहिली. तिथल्या किल्लीवाल्याची खोली कारागिरांच्या अवजारांसाठी रिकामी केली आणि त्याला दूरच्या एका धर्मशाळेत धाडले. आपल्यालाही तसेच धाडतील. मग खिडकी उघडून कुणाला सांगायचे, उठलो म्हणून? मरियमला इथे टाकून जायचे?

तेवढ्यात दारातून हाक आली. "काय किल्लीवाले चाचा, फिरला का खांब?"

इद्रीसने तोंड उघडले. "फिरला, बेटी."

रोटी हातावर पडली. ती त्याला त्या दिवशी गिळवली नाही.

त्याने स्वतःची समजूत घातली, की फटीत कचरा अडकला असेल. पिसाने फट झाडली, तेल सोडले. खांब ढिम्म. चौथ्या दिवशी दुपारी, म्हातारे नमाज करून गेल्यावर, त्याने आतून दार लावले आणि एक पातळ कानस आणली. खांबाच्या डोक्याशी ती फटीत घातली आणि घासायला सुरुवात केली. हिरवी भुकटी त्याच्या बाह्यांवर पडत होती. सहा दुपारी तो घासत होता. सातव्या दुपारी त्याने बोट लावले आणि खांब गर्रकन फिरला.

इतका सहज फिरला, की पूर्वीची ती घरघरसुद्धा झाली नाही. इद्रीस खाली बसला आणि हमसून हमसून रडला. आनंदाने रडतो आहे, असे त्याला वाटत होते.

पुढच्या वसंतात राजधानीचा मेमार आला. मेमार म्हणजे सरकारी इमारती तपासणारा बांधकामाचा जाणकार. दर दोन वर्षांनी तो एक फेरी मारी. पांढऱ्या दाढीचा, शांत गृहस्थ. त्याने घुमटावरचे शिशाचे पत्रे पाहिले, कमानी पाहिल्या, आणि बराच वेळ काठावर उभे राहून लांब गेलेली नदी पाहत राहिला.

"मला या पायाची धाकधूक होती, किल्लीवाले," तो म्हणाला. "पाणी फार मागे गेलंय. खुंट सुकले तर काही खरं नाही. पाया उकरूनच बघावा असं मनात घेऊन आलो होतो."

मग त्याने डाव्या खांबाला बोट लावले. खांब फिरला.

"वा! म्हणजे खाली अजून ओल आहे. आवाजसुद्धा नाही की हो!"

"तेल घालतो," इद्रीस म्हणाला.

"राखण करावी तर अशी!" मेमाराने त्याच्या पाठीवर हात ठेवला. सहा वर्षांत त्याच्या पाठीवर कुणाचा हात पडला नव्हता. मेमार त्याच्या खोलीत बसला, कॉफी प्याला, तुतीचे कौतुक केले. इद्रीसने दुसऱ्या वाडग्यात त्याला अंजिरे दिली. तीन वेळा सत्य त्याच्या जिभेच्या टोकाशी आले. पण समोर कुणीतरी बसले आहे, आपले ऐकते आहे, हे सुख त्याला मोडवेना. मेमार गेला आणि पाया उकरायचा राहिला.

आता झुंबराची गंमत ऐका. म्हणजे गंमत नव्हेच ती. झुंबराच्या बरोबर खाली गालिचात एक गोल फूल विणलेले होते. साखळीचे टोक दीडशे वर्षे त्या फुलाच्या मध्यावर रोखलेले असे. एके दिवशी इद्रीसला ते चार बोटे बाजूला दिसले. साखळी खोटे बोलत नाही. जिथून ती टांगली होती तो घुमटच सरकला होता. इद्रीस वाकला आणि त्याने गालिचा चार बोटे ओढला. गालिचा जड, माणूस एकटा, त्यात कंबर धरली. पण फूल पुन्हा साखळीखाली आले. मशीद सरकली, म्हणून पठ्ठ्याने गालिचा सरकवला!

हसू नका. भीती वाटली की आपणही कुठला ना कुठला गालिचा ओढतोच.

तिकडे विहिरीचा दोर त्याला दर महिन्याला वाढवावा लागत होता. शेवटी दोर कितीही सोडला तरी पोहरा कोरडाच वर येऊ लागला. मग तो तीनशे पावले चालून नदीवर जाई आणि मरियमसाठी घागर भरून आणी.

पुढच्या वसंतात करकोचे आले. मोठ्या घुमटाच्या खांद्यावर करकोच्यांचे एक जोडपे दरवर्षी घरटे बांधी. त्यांची चोच वाजू लागली की इद्रीसला घरात पाहुणे आल्यासारखे वाटे. या वर्षी दोघांनी घुमटाभोवती दोन दिवस घिरट्या घातल्या. नर एकदा खाली उतरला, पाय टेकले, आणि चटका बसल्यासारखा उडाला.

"अरे, या ना!" इद्रीस अंगणातून दोन्ही हात हलवून ओरडला. "तुमचीच जागा आहे! या ना रे!"

करकोचे नदीपार गेले. पाखराला कुठून कानस लावणार? आता आपल्या खोटेपणाला दुसरा कुणी साक्षीदार उरला नाही हे इद्रीसला कळले, आणि जन्मात कधी वाटले नव्हते इतके एकटे वाटले.

मग आली ईद. वर्षातून हाच एक दिवस असा, की जुन्या मशिदीची सगळ्यांना आठवण होई. पलीकडचा सारा बाजार नावांत बसून इकडे येई आणि घुमटाखाली पुन्हा पाय ठेवायला जागा उरत नसे. इद्रीस या दिवसाची वर्षभर वाट बघे. त्याने फरशी धुतली होती, झुंबराचे दिवे पुसले होते. दिवे पुसताना त्याच्या हातावर बारीक चुना पडला होता. तो त्याने झटकून टाकला होता.

सकाळी सगळ्यांच्या आधी गुलनार आली. बरोबर तिची दोन पोरे, नव्या कपड्यांत. दिवस शुक्रवार नव्हता, पण सवयीने ती म्हणाली, "काय किल्लीवाले चाचा, फिरला का खांब?"

तिचे धाकटे आईचा हात सोडून पुढे धावले. "मी मेहराबच्या अगदी जवळ बसणार! पहिल्या रांगेत!"

इद्रीसने ते पोर उंबऱ्यावरच धरले. त्याच्या मुठीत पोराचे इवलेसे मनगट होते, आणि ते उडत होते.

"नाही फिरला, बेटी," तो म्हणाला.

"काय म्हणालात?"

"खांब फिरला नाही. दोन वर्षं झाली, फिरलेला नाही. मी तुझ्याशी खोटं बोललो."

त्याने पोराला तिच्या कडेवर दिले, मशिदीचे मोठे दार ओढून घेतले आणि कुलूप घातले. मग दाराला पाठ लावून उभा राहिला.

लोक जमू लागले. शे-दोनशे, मग हजार. ईदच्या दिवशी मशिदीला कुलूप! इमामसाहेब पुढे झाले. इद्रीसने सगळे सांगितले, कानस सांगितली, गालिचा सांगितला.

"म्हातारा भ्रमिष्ट झालाय!" गर्दीतून कुणी ओरडले. "मेमार स्वतः बघून गेला की! किल्ल्या घ्या त्याच्याकडून!"

चार जण पुढे सरसावले. इद्रीस त्यांच्या हातून निसटला, विहिरीपाशी गेला आणि त्याने चाळीस वर्षे कमरेला बाळगलेला तो जुडगा विहिरीत टाकून दिला.

पाण्याचा आवाज आलाच नाही. खोल खाली दगडावर किल्ल्या खणखणल्या.

ही विहीर कधी आटत नाही असे सगळे लहानपणापासून ऐकत आले होते. इमामसाहेबांनी कठड्यावरून वाकून आत पाहिले आणि ते मागे वळले.

"चला," ते म्हणाले, "नमाज नदीत पढू या."

जिथून पूर्वी नदी वाहत होती, त्या कोरड्या पात्रात हजार माणसे रांगा धरून उभी राहिली. नमाज झाला. लोक एकमेकांना मिठ्या मारू लागले. इद्रीस सगळ्यात शेवटी एकटाच बसला होता. त्याला कुणी मिठी मारली नाही. आणि तेव्हा काठावरून एक आवाज आला. तोच, जात्यासारखा घरघरता, फक्त प्रचंड मोठा.

मेहराबची भिंत बाहेर झुकली, आणि तिच्यावरचा अर्धा घुमट खाली बसला. नदीचे पात्र धुळीने भरून गेले. जिवाला कुणाच्या धक्का लागला नाही. पण भिंत बाहेरच्या अंगाला पडली होती, कब्रस्तानावर. तुती दिसत नव्हती. ट्यूलिपचा दगड दिसत नव्हता. ज्या जागेसाठी त्याने एवढे केले, तीच जागा त्या ढिगाऱ्याखाली गेली होती.

दोन महिन्यांनी मेमार आला. इद्रीस ढिगाऱ्यावर बसून एकेक दगड हातांनी उचलत होता. बोटे फुटली होती. मेमार त्याच्याशेजारी बसला आणि तोही दगड उचलू लागला. मग म्हणाला, "पहिल्या शुक्रवारी सांगितलं असतंत, तर सात दिवसांचं काम होतं."

"सात दिवस?"

"वरच्या कालव्यातून एक चर काढायचा आणि पायाभोवती फिरवायचा. खुंट पुन्हा भिजले असते. बस्स."

"पण मशीद बंद झाली असती. मला घालवून दिलं असतं."

"घालवायचं कशाला?" मेमाराच्या हातातला दगड तसाच राहिला. "चरातलं पाणी रोज बघायला, गाळ काढायला माणूस लागलाच असता. इथेच राहणारा. तुमच्याशिवाय दुसरा होता कोण?"

इद्रीसने त्याच्याकडे पाहिले. दोन वर्षे ज्या भीतीने त्याला पोखरले, ती भीती एका प्रश्नाने संपली असती. त्याने तो प्रश्न कुणाला विचारलाच नव्हता.

"चूक एकट्या तुमची नाही," मेमार हळूच म्हणाला. "खांब फिरतो का, एवढंच विचारून आम्ही जात राहिलो. इतकी वर्षं येतोय मी. तुमचं नाव काय हो?"

नाव सांगायला त्याला क्षणभर लागला. "इद्रीस," तो म्हणाला आणि ढसाढसा रडू लागला. या वेळी कशासाठी, ते त्याला नीट ठाऊक होते.

पुढे चर खणला गेला, नदीचे थोडे पाणी परत आले, आणि नऊ वर्षांनी तिथे एक लहानशी मशीद उभी राहिली. तिला घुमट एकच आहे. मेहराबपाशी हिरव्या दगडाचे दोन नवे खांब आहेत, आणि ते घरघरत फिरतात. जुना डावा खांब अंगणात दाराशी रोवलेला आहे, कानशीने घासलेली बाजू वर करून. तो तिथे रोवा, असे इद्रीसनेच सांगितले होते. गुलनारने भट्टीमागची खोली त्याला राहायला दिली होती. दर शुक्रवारी तो नावेने इकडे येई, येणाऱ्याजाणाऱ्याचे बोट त्या घासलेल्या दगडावर ठेवून आपली गोष्ट सांगे, आणि जाताना ढिगारा उपसलेल्या मोकळ्या जागेत अंदाजाने एके ठिकाणी घागरभर पाणी घाले. ट्यूलिपचा दगड काही शेवटपर्यंत सापडला नाही.

तात्पर्य एवढेच: धोका सांगणाऱ्याला गप्प केले म्हणून धोका टळत नाही, सावरायची वेळ तेवढी निघून जाते.